गरम पाणी ४५ अंशांवर आणू नये, ही विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,

सप्रेम नमस्कार.

वीज वाचवण्यासाठी मध्यवर्ती टाकीतले गरम पाणी ४५ अंशांवर ठेवावे आणि सुरक्षिततेसाठी क्लोरीन वाढवावे, असा प्रस्ताव सभेपुढे येत आहे. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

लिजिओनेला न्यूमोफिला हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर जीवघेण्या न्यूमोनियाची साथ आली, तिच्या शोधातून तो सापडला. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात अमिबा राहतात. अमिबा या जिवाणूला गिळतो, पण पचवू शकत नाही; जिवाणू त्याच्या आतच वाढतो. अमिबाने स्वतःभोवती जाड कवच केले की आतल्या जिवाणूपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही. म्हणून नुसत्या क्लोरीनवर माझा भरवसा नाही.

शॉवरचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की तिथल्या महाभक्षक पेशींवर (जंतू गिळून मारणाऱ्या संरक्षक पेशींवर) हीच वेळ येते. पेशी जिवाणूला गिळून एका पिशवीत कोंडते. ती पिशवी पाचक विकरांनी भरलेल्या लायसोसोम या पेशीतल्या कप्प्याला मिळाली, की जिवाणू मरायला हवा. पण तो ३०० हून अधिक प्रकारची प्रथिने पेशीत सोडतो. त्यामुळे पिशवी लायसोसोमपासून दूर राहते आणि पेशीच्याच आंतर्द्रव्यजालिकेतून (आतल्या पातळ पडद्यांच्या जाळ्यातून) निघालेली पुटके, म्हणजे बारीक पिशव्या, स्वतःभोवती ओढून घेते. त्या आडोशाला जिवाणू वाढत राहतात, पेशी फुटते आणि ते पुढच्या पेशींत शिरतात. पेशीत दडलेल्या या जिवाणूवर पेनिसिलिनसारखी नेहमीची औषधे चालत नाहीत, हे मला सर्वांत गंभीर वाटते. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. धोका पाण्यातूनच आहे आणि तो ज्येष्ठांना, धूम्रपान करणाऱ्यांना, फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांना जास्त.

तेव्हा टाकीतले पाणी ६० अंशांवरच राहू द्यावे. नळापर्यंत ते किमान ५० अंश येते का, हे प्लंबरकडून थर्मामीटर लावून तपासून घ्यावे. इतक्या गरम पाण्याने भाजू शकते, म्हणून लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरांत गार-गरम मिसळणारा व्हॉल्व्ह बसवावा. बंद सदनिकांचे नळ आठवड्यातून एकदा सोडावेत, वापरात नसलेल्या पाइपचे तुकडे कापून टाकावेत. टाकी धुताना कडेचा थर घासून काढावा.

हे पत्र सभेत वाचून दाखवावे.

आपला,
एक सभासद