कूलंट टेम्परेचर गेज आणि वॉर्निंग लाइटच्या किटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष सेंडर, स्विच व चुकीचे माहितीपत्रक; किट बदलून मिळणे अथवा पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

"वायरिंग चुकीचे केले, म्हणून वॉरंटी लागू नाही" असे आपले उत्तर आले. वायरिंग आपल्याच माहितीपत्रकाप्रमाणे केले होते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

रेडिएटरच्या वरच्या होज पाइपमध्ये बसवायचा जो अॅल्युमिनियमचा अडॅप्टर आपण देता, त्याच्या दोन्ही बाजूंना रबर आहे. म्हणजे तो इंजिनला किंवा गाडीच्या बॉडीला कुठेच टेकत नाही. सेंडर (तापमान मोजून गेजला कळवणारा भाग) आणि लाइटचा स्विच दोन्ही एका टर्मिनलचे, त्यांना अर्थ (बॅटरी निगेटिव्हकडे करंट परतण्याची जोडणी) मिळतो तो स्वतःच्या पितळी बॉडीतून. अडॅप्टर ते बॅटरी निगेटिव्ह मल्टिमीटरने तपासले, तर सर्किट उघडे, म्हणजे जोडणीच नाही. अडॅप्टरला अर्थची वायर जोडायला ना स्क्रू, ना पत्रकात एक ओळ. बाहेरून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून १ चौरस मिमीची वायर इंजिन ब्लॉकला दिली, तेव्हा काटा पहिल्यांदा हलला.

त्यातच पत्रक सांगते, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच वेढे द्या. सेंडरचे १/८ एनपीटी मापाचे (पाइपसाठीचे) आटे निमुळते असतात, ते आवळतानाच बसतात. इतकी टेप लावली की सेंडरच्या बॉडीचा अडॅप्टरशी विजेचा संपर्क तुटतो. गाडी हादरली की अर्थ येतो-जातो. हा सेंडर गरम होईल तसा त्याचा रोध कमी होतो. त्यामुळे वाटेत ५ ओहम जास्तीचे आले, तरी १०० अंशांजवळ काटा सुमारे चार अंश थंड दाखवतो, आणि वायर पूर्ण तुटली तर थेट थंडच्या टोकाला जाऊन बसतो. लाइटही पेटत नाही, कारण त्याचा स्विच त्याच अडॅप्टरवर आहे. इंजिन तापून हेड गॅस्केट जाईपर्यंत डॅशबोर्डवर सगळे आलबेल! बिघाड झाला की 'थंड' सांगणारे गेज नसलेलेच बरे. निदान माणूस बोनेट उघडून बघतो.

आता सेंडरबद्दल. अर्थ नीट देऊन तो उकळत्या पाण्यात बुडवला. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. काटा मात्र ८४ वर थांबला. मोजलेला रोध ६२ ओहम. आपल्याच तक्त्यात १०० अंशांना ३८ ओहम छापले आहेत आणि ६२ ओहमसमोर ८४ अंश. म्हणजे गेज खरे बोलते आहे, त्याला दिलेला सेंडर भलत्याच जातीचा आहे. वायरिंग कितीही सुधारले तरी हा फरक जाणार नाही.

स्विचवर १०५ अंश छापले आहे. कढईत तेल तापवून, थर्मामीटर शेजारी धरून तपासला. तीनही वेळा तो ११७ ते ११८ ला जुळला. ०.९ किलो दाब धरणाऱ्या रेडिएटर कॅपखाली साधे पाणी याच सुमारास उकळते, आणि वाटेत पाणीच ओतलेल्या गाड्या आपल्याकडे थोड्या नाहीत. कसारा घाट चढताना असा लाइट पेटेल तेव्हा इशाऱ्याची वेळ टळून गेलेली असेल. शिवाय चावी फिरवल्यावर लाइट तपासणीपुरता क्षणभरही पेटत नाही, त्यामुळे दिवा गेला असेल तर स्विचची वायर हाताने अर्थला टेकवल्याशिवाय कळत नाही.

लाल वायर थेट बॅटरीला जोडा, हे पत्रकातले सांगणेही चूकच. चावी काढल्यावरही गेज करंट ओढत राहते. ती इग्निशन चालू असतानाच येणाऱ्या लाइनवरून, ३ अँपिअरचा फ्यूज घालून घ्यायला हवी. किटमध्ये फ्यूजच नाही.

मागणी अशी: तक्त्याशी जुळणारा सेंडर, खरोखर १०५ अंशांना जुळणारा स्विच, अर्थ स्क्रू असलेला अडॅप्टर आणि दुरुस्त माहितीपत्रक १५ दिवसांत पाठवावे, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. हेच किट घेतलेल्या इतर ग्राहकांनाही अर्थच्या वायरबद्दल कळवावे, ते थांबण्यासारखे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ मध्ये वापराच्या अपुऱ्या सूचना हेही उत्पादकाच्या जबाबदारीचे कारण धरले आहे. मुदतीत उत्तर न आल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला जाईल.

किट उतरवून जुना होज पाइप परत बसवला आहे. सर्व भाग खोक्यात जपून ठेवले आहेत. आपला माणूस आला तर त्याच्यासमोर पाणी पुन्हा उकळू. मल्टिमीटर त्याने स्वतःचा आणावा.

आपला ग्राहक,
अंबड, नाशिक

सोबत: बिलाची प्रत, मोजणीचे फोटो, माहितीपत्रकाची खुणा केलेली प्रत.