चिऊची पळायची टेस्ट

प्रिय संज्या,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण हे दोन ओळींत मावणारं नाही म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलो. चिऊ पळून आली की खोकते, छातीत आवळल्यासारखं होतं म्हणते, आणि दवाखान्यात नेऊन फुंकून घेतलं तर रिपोर्ट एकदम नॉर्मल, त्यामुळे तुमच्या घरात दोन पार्ट्या पडल्यात. तू म्हणतोस दमा आहे, खेळ बंद, आणि वहिनी म्हणतात पोरगी नाटकं करते. दोघंही जरा दम धरा.

बसून केलेली स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनच्या नळीत जोरात फुंकायची ती फुफ्फुसांची टेस्ट, नॉर्मल आली यात नवल काहीच नाही रे. तिचा त्रास पळण्याशी आहे, मग खुर्चीत बसवून तो दिसणार कसा? शांत असताना आपण नाकाने श्वास घेतो, हवा गरम आणि ओलसर होऊन आत जाते. जोरात पळताना पोरं तोंडाने भसाभस हवा ओढतात, ती कोरडी हवा थेट खाली जाते, श्वासनळीच्या आतल्या पातळ थरातलं पाणी उडून जातं, उरलेला द्राव खारट आणि दाट होतो, त्याने तिथल्या मास्ट पेशी (ॲलर्जीत भडकतात त्याच) बिथरतात, हिस्टामिन, ल्युकोट्राइन वगैरे नळी आवळणारी रसायनं सोडतात आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. म्हणून तर थंड कोरड्या हवेत पळताना जास्त त्रास होतो आणि पोहताना बऱ्याचदा कमी, पाण्यालगतची हवा दमट असते ना.

म्हणून पोराला पळवून आधी आणि नंतर फुंकायला लावायची टेस्ट असते, आता ती सांगतो. आमच्या लॅबमध्ये पोरं आली की आधी फुंकून घेतो, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो आकडा म्हणजे एफईव्ही-वन, सगळा खेळ त्याच्यावर. आधीच तो अपेक्षेच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर आम्ही पळवतच नाही. मग नाकाला क्लिप, कारण नाकाने श्वास घेतला तर हवा ओली होणार आणि टेस्ट फुकट, बोटाला ऑक्सिजन मोजायचं क्लिप, आणि ट्रेडमिलवर. दोन-तीन मिनिटांत हृदयाचे ठोके वर गेले पाहिजेत. २२० वजा वय, त्याच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे नऊ वर्षांच्या चिऊला साधारण १७० ते १९०, आणि तिथे चारेक मिनिटं टिकवायचे. हळूहळू वेग वाढवत नेला तर वॉर्म-अप होऊन जातो आणि नळी आवळतच नाही, मग पुन्हा नॉर्मल रिपोर्ट हातात! पोरं लाल होतात, घाम येतो, बाहेर बसलेल्या आयांचा जीव खालीवर होतो, पण त्यापेक्षा कमी पळवून उपयोग नाही.

थांबल्यावर १, ३, ५, १०, १५ मिनिटांनी, कधी अर्ध्या तासापर्यंत पुन्हा पुन्हा फुंकायचं. समज सुरुवातीला १.६० लिटर होतं आणि पाचव्या मिनिटाला १.२२ झालं, म्हणजे जवळपास २४ टक्के घट. १० टक्क्यांच्या वर घट म्हणजे सहसा टेस्ट पॉझिटिव्ह धरतात, मुलांसाठी काही ठिकाणी १२-१३ टक्क्यांची रेघ मारतात. आकडा पडला की नळी मोकळी करणारा पंप (इनहेलर) देतो, स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून, आणि थोड्या वेळात पोरगं परत बडबडायला लागतं.

मला स्वतःला इंटरेस्टिंग वाटते ती गोष्ट वेगळीच. पुस्तकात लिहिलेलं असतं की त्रास पळणं थांबल्यावर सुरू होतो. मोठ्यांचं बऱ्याचदा तसंच असतं, पण मुलांमध्ये पळता पळताच नळी आवळायला लागू शकते, आणि मधेमधे फुंकायला लावून मोजलं तरच ते दिसतं. जितकं पोर लहान तितका आकडा लवकर पडतो आणि लवकर सावरतोही, त्यामुळे पहिली मोजणी उशिरा घेतली तर हातातून निसटलंच समज. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तर अगदी छोट्यांसाठी ट्रेडमिल सोडून उड्या मारायचा हवेचा किल्लाच वापरला! आणि इतक्या लहान पोरांना पूर्ण सेकंदभर धड फुंकता येत नाही म्हणून अर्ध्या सेकंदाचा आकडा बघतात. मला विचारशील तर यापेक्षा शहाणपणाची टेस्ट मी पाहिली नाही.

पळताना खेळ सोडून कडेला जाऊन बसणारं पोरगं आळशी आहे असं लगेच ठरवू नका, एवढं वहिनींना सांग. आणि तुला हे, की खोकला दिसला म्हणजे श्वासनळीच आवळत असेल असंही नाही. कधी नुसता स्टॅमिना कमी असतो, कधी ऐन पळताना घसा, स्वरयंत्राजवळचा भाग, आवळतो, तेव्हा आवाज श्वास आत घेताना येतो आणि थांबल्यावर पटकन कमी होतो, त्याला पंपाचा उपयोग नाही. नुसत्या लक्षणांवरून ओळखायला गेलं तर भलेभले चुकतात, म्हणून टेस्ट.

जायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या कुठलं औषध किती तास बंद ठेवायचं, साधा पंप सहसा ८ तास, मॉन्टेलुकास्ट (ल्युकोट्राइनला अडवणारी गोळी) वगैरे एक दिवस, पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. त्या दिवशी सकाळी तिला पळू देऊ नका, किमान चार तास. एकदा नळी आवळून सुटली की बऱ्याच पोरांना पुढचे काही तास दुसऱ्यांदा तेवढा त्रास होत नाही आणि टेस्ट खोटी नॉर्मल येते. चहा-कॉफी-चॉकलेट नको, आणि पायात स्पोर्ट्स शूज, सॅंडल घालून येणारी पोरं बघून मला रडू येतं.

पॉझिटिव्ह आली तरी खेळ बंद नाही, हे मात्र आत्ताच लिहून ठेव. पळायच्या १५ मिनिटं आधी पंप, नीट वॉर्म-अप, आणि वरचेवर लागत असेल तर रोजचा स्टेरॉइडचा इनहेलर, त्याला काही आठवडे द्यावे लागतात, हे सगळं डॉक्टर ठरवतील.

रिपोर्ट आला की फोटो पाठव, पण नुसतं शेवटचं वाक्य नको, मिनिटामिनिटाचे आकडे आणि ठोके किती गेले होते तेही दिसू दे. ठोके १५० वर अडकलेले असले तर ती टेस्ट मी मानणार नाही, परत करायला लावीन.

तुझा,
बाळ्या