समन्स नाकारू नका, वकील विनामूल्य मिळतो

महोदय,

इचलकरंजी आणि आसपासच्या दिवाणी न्यायालयांत बेलीफ म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. समन्स बजावणे आणि जप्तीचे वॉरंट घेऊन लोकांच्या दारात उभे राहणे हेच माझे काम होते. कर्जापायी कुणी घरदार सोडून गेले, कुणी जिवाचे बरेवाईट करून घेतले अशी बातमी आपल्या दैनिकात वाचली की जीव तळमळतो. अशा माणसाच्या बाजूने कायद्यात काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

बहुतेकांचे नुकसान समन्सपाशीच होते. मी दारात गेलो की घरातून उत्तर यायचे, ‘ते गावाला गेल्यात.’ माणूस आतच असायचा. कागद घेतला नाही तर दावा पुढे सरकत नाही, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात समन्स दाराला डकवले जाते, न्यायालय ती बजावणी धरते आणि तारखेला कुणी हजर नसेल तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल होतो. यात कर्जदाराच्या हातून मोठी गोष्ट निसटते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ११ प्रमाणे हुकूमनामा करतानाच न्यायाधीश हप्ते बांधून देऊ शकतात. एकदा हुकूमनामा झाला की हप्त्यांसाठी समोरच्याची संमती लागते, आणि तो ती कशाला देईल? समन्स नीट बजावलेच नसेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण कळल्यापासून ३० दिवसांच्या आत.

पतसंस्थांच्या कर्जाचेही तेच. तिथे दावा दिवाणी न्यायालयात येत नाही, उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांच्या कार्यालयातून सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो. त्याआधी म्हणणे मांडण्यासाठी नोटीस येते. तेव्हा गप्प बसलात आणि दाखला निघाल्यावर फेरतपासणीला गेलात, तर वसुलीच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. ज्याच्याकडे निम्मी रक्कम असती त्याच्यावर दाखला निघालाच नसता. मग हिशेब चुकीचा असला तरी तक्रार आतल्या आतच राहते.

एका खर्चीवाल्या (मजुरीवर कापड विणून देणाऱ्या) यंत्रमागधारकाच्या घरी जप्तीला गेलो होतो. सुताचे दर चढलेले, मजुरी थकलेली, हातउसने आणि बँक दोन्ही अंगावर. वॉरंट वाचून होईपर्यंत त्याची बायको आतून भांडी आणून ओट्यावर मांडू लागली. पितळी हंडा, कळशी, पातेली, मुलांच्या डब्यांसकट. गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून म्हणाली, ‘सायेब, ह्ये बी लिवून घ्या.’ शेजारीपाजारी बघत होते. मी पंचांसमोर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० मोठ्याने वाचले: कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाने स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त होत नाहीत. कारागिराची अवजारेही नाहीत. शेतकऱ्याची औते, जनावरे, बियाणे नाही. शेतकऱ्याचे किंवा मजुराचे राहते घर नाही (ते गहाण टाकले असेल तर गोष्ट वेगळी). भविष्य निर्वाह निधीही नाही. बाई भांडी पुन्हा आत नेताना रडत होती. नवऱ्याने मग एक पिशवी दाखवली. त्यात न्यायालयाची आणि बँकेची रजिस्टर पत्रे होती, एकही फोडलेले नव्हते.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी आम्हा बेलीफांनाही राहत्या घरात शिरता येत नाही. न्यायालयाचा शिक्का असलेल्या माणसाला जिथे ही मर्यादा, तिथे बँकेचा वसुली एजंट रात्री दहाला दारात येऊन आरडाओरडा करतो तो कुठल्या अधिकाराने? रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्त कंपन्यांच्या एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायलाही मनाई केली आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषालाही, ऐपतच नाही एवढ्या कारणाने तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. दिलेला चेक न वटल्याचा खटला मात्र फौजदारी असतो. त्याची नोटीस आली की १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. तिथे अजिबात हयगय नको.

आता दिवाळखोरीविषयी. मोठ्या कंपन्यांसाठी २०१६ ची दिवाळखोरी संहिता आली, तिच्या बातम्या रोज असतात. त्याच संहितेत तुमच्याआमच्यासाठीही एक भाग आहे. तो अजून सर्वसामान्य कर्जदाराला लागू केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो चालू आहे, पण कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच. अगदी गरिबाला कर्जातून मोकळे करून नव्याने उभे राहू देण्याची तरतूद त्यात लिहून ठेवली आहे. तिच्या अटी पाहा: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत, स्वतःचे घर नको. लिहिल्या तेव्हाच तोकड्या होत्या, आज तर त्यात बसणारा माणूस शोधावा लागेल.

तोपर्यंत आमच्या भागात १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच आहे (मुंबई शहराला १९०९ चा वेगळा). ५०० रुपयांचे कर्ज फेडता येत नसले तरी अर्ज करता येतो, इतका तो जुना. तरी तो कामाचा आहे. कर्जदार सगळी मालमत्ता आणि सगळे धनको (ज्यांचे देणे आहे ते) प्रतिज्ञेवर लिहून देतो. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते आणि धनकोंना प्रमाणात वाटली जाते. न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनकोला नवा दावा लावता येत नाही, अटकेपासून संरक्षण मागता येते आणि शेवटी कर्जातून मुक्तता मिळते. घर गहाण असेल तर त्या धनकोचा हक्क मात्र राहतो. किंमतही मोजावी लागते. मुक्तता होईपर्यंत निवडणूक लढवता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारीही घेता येत नाही. पण अब्रू गेली म्हणून फास घेण्यापेक्षा हा रस्ता लाखपटीने बरा.

कट्ट्यावरचे सल्लागार सांगतात, ‘घर भावाच्या नावावर कर, मग कोण काय करतंय?’ असा सल्ला देणाऱ्याला दारात उभे करू नका. नादारीच्या आधी दोन वर्षांत केलेले असे फुकटचे हस्तांतर न्यायालय रद्द करते आणि अप्रामाणिकपणा दिसला की मुक्तताही अडकते.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असले की मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर त्यावर अपील नसते, म्हणून सही करण्याआधी हप्ता झेपेल का ते याच वकिलासोबत बसून पाहावे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. केंद्र सरकारने दिवाळखोरी संहितेचा तो भाग उत्पन्नाच्या आणि कर्जाच्या मर्यादा वाढवून सर्वांसाठी लागू करावा. आणि जिल्हा न्यायालयाने प्रत्येक समन्ससोबत विधी सेवा समितीच्या पत्त्याची मराठी चिठ्ठी जोडावी. बेलीफ दारात जातोच, ती चिठ्ठी त्याच्याच हाताने पोचेल. तोवर आपण १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक ठळक छापावा. अर्ज साध्या कागदावर चालतो, लिहिता येत नसेल तर समितीतले लोक लिहून घेतात.

आपला नम्र,
एक निवृत्त बेलीफ, इचलकरंजी