कॉनिक हिलची चांगली वाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत स्कॉटलंडमध्ये मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी सहलीची ठिकाणे सुचवणारा लेख नुकताच वाचला. लेख एकंदरीत उपयुक्त आहे. मात्र ग्लासगोपासून मोटारीने तासाभरावर, लॉख लोमंड या सरोवराच्या पूर्व काठाला असलेल्या कॉनिक हिल या टेकडीचा निकाल त्यात एका वाक्यात लावलेला आहे. बालमाहा गावच्या वाहनतळावरून सरळ वर चढावे, तासाभरात माथा येतो आणि हे कोणालाही जमेल, असा त्या वाक्याचा आशय आहे. गेली तीन वर्षे मी उन्हाळ्याचे चार-पाच महिने मुलीकडे ग्लासगोला राहतो आणि ही टेकडी सहा वेळा, वेगवेगळ्या बाजूंनी चढून आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, ही वाट चुकीची नसली तरी साठी ओलांडलेल्या माणसाला पहिल्या भेटीसाठी सुचवावी अशी ती नाही. तिच्याहून चांगली वाट त्याच टेकडीवर आहे.

कॉनिक हिलची उंची ३६१ मीटर. सिंहगड-राजगड पाहिलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, आणि फसगत इथेच होते. आपल्याकडे किल्ल्याची जी उंची सांगतात ती समुद्रसपाटीपासूनची असते आणि पायथ्याचे गावच पुष्कळ उंचावर असल्यामुळे प्रत्यक्षात चढायचे अंतर त्याहून बरेच कमी भरते. बालमाहा मात्र सरोवराच्या काठाला आहे आणि सरोवराचे पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे सांगितलेली उंची जवळजवळ पूर्णच चढावी लागते. सुमारे दोन किलोमीटरमध्ये साडेतीनशे मीटर, म्हणजे सरासरी सहा पावलांना एक पाऊल वर, असा हा हिशेब आहे. सुरुवातीच्या झाडीतून बाहेर पडल्यावर दगडी पायऱ्यांची जी रांग लागते ती तर सरासरीहून पुष्कळच उभी आहे.

चांगली वाट शोधायची तर आधी डोंगर कसा घडला आहे ते पाहावे लागते. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडचा सखल मुलूख आणि उत्तरेकडचा डोंगराळ प्रदेश यांना विभागणारा मोठा भूभ्रंश (ज्याच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकले आहेत असा जमिनीतला तडा) नैर्ऋत्येकडच्या आरन बेटापासून ईशान्य किनाऱ्यावरच्या स्टोनहेवनपर्यंत गेलेला आहे, आणि तो थेट कॉनिक हिलवरून जातो. माथ्यावर उभे राहून सरोवराकडे पाहिले, तर इंचकॅलख, टॉरिंच, क्रीइंच आणि इंचमरिन ही चार बेटे एका ओळीत पुढे गेलेली दिसतात. ती आपल्या पायाखालच्या कण्याचाच पाण्यातून डोके वर काढणारा भाग आहेत. सह्याद्रीत लाव्हाचे थर आडवे पसरलेले असल्यामुळे आपल्याला कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा अशा टप्प्यांची सवय असते. इथे गोट्यांचा गाळ घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे थर भूभ्रंशापाशी कलून जवळजवळ उभे झाले आहेत. परिणामी ही टेकडी शंकूसारखी नसून ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेली, पाठीवर चार-पाच उंचवटे असलेली लांबट धार आहे. (कॉनिक या नावाचा शंकूशी संबंध नाही. तो स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतल्या, शेवाळ या अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश मानला जातो, आणि पावसाळी दिवशी तिथे गेलेल्याला तो पटकन पटतो.)

आपल्या ट्रेकर मंडळींच्या भाषेत सांगायचे तर डोंगर चढावा तो सोंडेवरून. धारेला आडवे जाणारी वाट छोटी पण छातीवर येणारी असते, तर धारेच्या लांबीने जाणारी लांब पण सोसणारी असते. बालमाहाची वाट पहिल्या प्रकारची आहे. दुसऱ्या प्रकारची वाट ड्रिमेन या गावाहून निघते आणि तिच्यासाठी नवे काही शोधावे लागत नाही, कारण १९८० साली खुल्या झालेल्या ‘वेस्ट हायलंड वे’ या १५४ किलोमीटर लांबीच्या पायवाटेचाच तो एक तुकडा आहे. ग्लासगोच्या सीमेवरच्या मलगाय येथून (या गावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहून कोणीही त्याचा हा उच्चार करणार नाही) ही वाट फोर्ट विल्यमपर्यंत जाते.

ड्रिमेनहून निघाल्यावर पहिला तासभर गॅरडबनच्या लागवडीच्या जंगलातून रुंद कच्च्या रस्त्याने चालावे लागते. हा भाग कंटाळवाणा आहे हे मी कबूल करतो. सूचिपर्णी झाडांच्या एकसारख्या रांगा, मधूनमधून तोड झालेली उजाड पट्टी आणि लाकूडतोड सुरू असेल तेव्हा लावलेल्या वळणवाटांच्या पाट्या एवढेच तिथे पाहायला मिळते. पण पायांचे सांधे सैल व्हायला, दम लयीत यायला आणि सोबतच्या माणसाशी बोलायला हा तास फार उपयोगी पडतो. जंगल संपले की फाटक ओलांडून उघडा माळ येतो, समोर कॉनिक हिलची पूर्ण पाठ आडवी पसरलेली दिसते आणि आपल्याला कुठून कुठे जायचे आहे हे पहिल्यांदा डोळ्यांना कळते. बालमाहाकडून चढणाऱ्याला ही टेकडी अशी कधी दिसतच नाही, कारण तो सुरुवातीपासून तिच्या पोटाशी असतो.

माळावरून उतरून दोन ओढे पुलावरून ओलांडायचे. त्यांतला दुसरा मार नावाचा ओढा जरा खोल घळीतून वाहतो. तिथून खरी चढण सुरू होते ती टेकडीच्या उत्तर बगलेने, तिरक्या रेषेत. ही चढण लांबट आहे, एक-दोन ठिकाणी दम काढते, परंतु हात टेकावे लागत नाहीत. सरोवर आधी तुकड्यातुकड्याने दिसते आणि बगलेच्या वरच्या भागात आल्यावर एकदम सगळे पसरते, उजव्या हाताला ९७४ मीटर उंचीचा बेन लोमंड हा डोंगर उभा असतो. इंचमरिन हे ब्रिटनमधील गोड्या पाण्यातले सर्वांत मोठे बेट आहे, ते इथून सहज ओळखता येते.

इथे एक सूचना द्यायला हवी, कारण माझी स्वतःची पहिली फेरी इथेच फसली. मुख्य पायवाट माथ्यावर जात नाही. ती माथ्याच्या खालून पुढे निघून जाते आणि माथ्याकडे डावीकडे एक तोकडी, उभी पायवाट फुटते. त्या दिवशी धुके होते, मी फोनवरच्या निळ्या रेषेवर विसंबून चाललो होतो आणि त्या रेषेने मला पुढच्याच एका उंचवट्यावर नेऊन सोडले. तिथे बसून दशम्या खाल्ल्या, फोटो काढले आणि परतल्यावर जावयाने नकाशा उघडून दाखवले की माथा आमच्या मागे राहिला होता. त्यातच उतरताना एका घसरड्या जागी पाय निसटला. इथला खडक गोट्यांचा असल्यामुळे झिजलेल्या वाटेवर सुटे गोल गोटे पडलेले असतात आणि त्यांच्यावर बुटाची नक्षी धरत नाही. त्यानंतर मी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा घेतला. त्यावर उंचीच्या रेषा दहा-दहा मीटरच्या आहेत. त्या रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा आणि लांब लांब गेल्या की सोपा, एवढे वाचता आले तरी दोन वाटांतला फरक घरबसल्या दिसतो. मी नोकरीत असताना कालव्यांच्या आखणीसाठी असे नकाशे आयुष्यभर वाचले, तरी टेकडी लहान आहे म्हणून नकाशा बरोबर घेण्याचा आळस केला, हे सांगायला संकोच वाटतो.

वेळेचा अंदाज कसा काढावा याचाही उल्लेख आपल्या लेखात नव्हता. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही तिथे वापरतात. मेट्रिक मापात सांगायचे तर दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. बालमाहाहून माथा गाठायला या हिशेबाने साधारण एक तास येतो, तेव्हा लेखातला आकडा खोटा नाही. पण हा ठोकताळा सवय असलेल्या धडधाकट माणसाचा आहे, त्यात विसावा, फोटो आणि पाणी पिणे धरलेले नाही. ड्रिमेन ते बालमाहा अंतर सुमारे बारा किलोमीटर आणि चढ चारशे मीटरच्या आसपास धरला तर तीन तास होतात, आम्हाला डबा खाण्याचा वेळ धरून पाच लागले. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नसते. डिसेंबरात मात्र पावणेचारला सूर्य मावळतो, तेव्हा हा बेत सकाळी लवकर निघाल्याशिवाय आखू नये.

आता माझ्याच म्हणण्याला असलेला एक आक्षेप. ड्रिमेनहून आले तर शेवटी उतरायचे कुठून? बालमाहाच्या त्याच उभ्या पायऱ्यांवरून. धार संपते तिथे ‘बीॲलख आर्द’ नावाची खिंड आहे (गेलिकमधला अर्थ उंच खिंड). तिथून वाट डावीकडे वळते आणि सरळ खाली सुटते. गुडघे दुखणाऱ्याला चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो हे चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही ठाऊक असते. माझ्या पत्नीने म्हणून उलटा क्रम पसंत केला आहे, म्हणजे बालमाहाकडून सावकाश चढायचे आणि ड्रिमेनकडे लांबट उताराने उतरायचे. गुडघ्यांच्या दृष्टीने तिचे म्हणणे बरोबर आहे. मी तरीही ड्रिमेनहूनच जातो, दोन्ही हातांत काठ्या घेऊन पायऱ्या उतरतो, कारण उलट्या क्रमात उतरताना सरोवर पाठीमागे राहते आणि शेवटचा तास त्या कंटाळवाण्या जंगलात जातो. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी तिचे ऐकावे.

वाट एकेरी असल्यामुळे गाडीचे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे सोपे उत्तर म्हणजे गाडी सकाळी बालमाहाला लावावी आणि तिथून ड्रिमेनकडे जाणाऱ्या बसने सुरुवातीच्या ठिकाणी यावे, म्हणजे संध्याकाळी थकलेल्या पायांनी बस गाठण्याची धावपळ होत नाही. वाहनतळ सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतो, म्हणून हे आठवड्याच्या मधल्या दिवशी करावे. बस वारंवार नाहीत, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

टेकडीवर मेंढ्या आणि गुरे चरत असतात. वसंतात मेंढ्या विण्याच्या दिवसांत कुत्रा बरोबर असलेल्यांनी या भागात जायचे नसते. तेव्हा त्यांना खालून मिल्टन ऑफ बुकॅनन गावावरून रस्त्याच्या कडेने बालमाहा गाठावे लागते. मुलांच्या घरी कुत्रा असणे आता नवीन राहिलेले नाही, म्हणून हे लिहिले. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला खासगी जमिनीवरूनही पायी जाण्याचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे फाटक दिसले म्हणून परत फिरू नये. फाटक उघडून जावे आणि ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत ठेवावे. उन्हाळ्यात नेच्यांच्या दाट झुडपांत गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. मोजे पायजम्यावर ओढून घ्यावेत आणि घरी आल्यावर पाय तपासावेत. वारा पडला की मिज नावाची चिलटे सुटतात. ती धोकादायक नाहीत, पण डबा खाऊ देत नाहीत. म्हणून माथ्यावर वाऱ्याचा त्रास झाला तरी त्याबद्दल तक्रार करू नये, एवढेच.

आपल्या पुरवणीत तो लेख पुन्हा कधी छापला गेला किंवा संकेतस्थळावर दुरुस्त करता आला, तर ‘तासाभरात, कोणालाही’ हे शब्द काढावेत आणि ड्रिमेनच्या वाटेचा एक साधा रेखानकाशा द्यावा अशी विनंती आहे. माथ्याकडे फुटणारी ती डावीकडची तोकडी वाट त्यात ठळक दाखवावी.

आपला,
एक नियमित वाचक
सातारा (सध्या मुक्काम ग्लासगो)