स्पीकरवर फोन, आणि ऐकायला अख्खी गाडी

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी साताऱ्यात राहते. गेले काही महिने दर तीन आठवड्यांनी वडिलांना घेऊन पुण्याला जाते, त्यांची केमो चालू आहे, २१ दिवसांनी एक सायकल असते. अण्णा ७७ वर्षांचे, त्यांना अमृत योजनेत तिकीट लागत नाही, मला बायकांचं अर्धं तिकीट, खासगी गाडी करायची म्हटलं तर दर वेळी परवडणारं नाही म्हणून आम्ही एसटीनेच जातो येतो. आणि आधीच सांगते, एसटीबद्दल माझी तक्रार नाही, ड्रायव्हर लोक तर आम्हाला कायम सांभाळूनच नेतात. तक्रार आहे ती गाडीत बसणाऱ्या आपल्या सगळ्यांबद्दल. मोबाईल स्पीकरवर टाकून जे मोठमोठ्याने बोलणं चालतं ना, त्याबद्दल.

मागच्या फेरीला काय झालं ते जरा सविस्तर लिहिते, म्हणजे मी उगाच कुरकुर करत नाहीये हे कळेल.

केमो झाली की अण्णांना त्याच दिवशी संध्याकाळपासून मळमळायला लागतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात पण गाडीचा हेलकावा आणि डिझेलचा वास, त्याला गोळी तरी किती पुरणार. त्यात अण्णांच्या कानाला मशीन आहे. ३० वर्षं त्यांनी मशीनवर काम केलं, आवाजाने कान गेले, त्या काळात कानात काही घालायची पद्धतच नव्हती. आता ज्यांच्या घरात कानाचं मशीन आहे त्यांना माहिती असेल, साधं मशीन सगळेच आवाज मोठे करतं, मुलगी काय बोलते ते पण मोठं, मागच्या सीटवरचा फोन पण मोठा, यातलं कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं ते निवडायची अक्कल त्या मशीनला नसते.

तर स्वारगेटहून आम्ही विनावाहक गाडीत बसलो. अण्णा खिडकीला, मी शेजारी. पर्समधे प्लॅस्टिकच्या पिशव्या, लिंबू, पाण्याची बाटली सगळी तयारी. गाडी कात्रज सोडून पुढे आली आणि मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी फोन लावला, स्पीकरवर. बोलणं बहिणीशी चाललेलं. जमिनीचं. हक्कसोड पत्रावर सही कर म्हणून हे सांगत होते आणि ती नाही म्हणत होती, आधी नीट बोलत होती मग रडायला लागली, आईच्या आजारपणात कोण आलं होतं, लग्नात काय घातलं काय नाही घातलं, मुलाच्या शाळेची फी भरायची राहिली आहे, नवऱ्याचं काम सुटलंय, सगळं. गावाचं नाव आलं, नवऱ्याचं नाव आलं, आडनाव आलं. आणि त्या बाईला बिचारीला कल्पनाच नाही की आपण भावाशी बोलतोय आणि इथे चाळीस माणसं ऐकतायत.

माझ्या पलीकडच्या रांगेत एक काकू होत्या, त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, "अगं ही तर आपल्या अमक्यांची सून." बघा. सातारा जिल्हा म्हणजे काय मुंबई नाही, इथे दोन सीट सोडून कुणीतरी ओळखीचं निघतंच. त्या बाईची घरातली गोष्ट रात्रीपर्यंत गावात पोचली असणार, आणि ती पोचवली कुणी, तर तिच्या सख्ख्या भावाने, आणि त्यालाही ते माहीत नाही.

इकडे अण्णांना तो आवाज सहन होईना. त्यांनी मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. म्हणजे मशीन घालावं तर डोकं उठतं, आणि काढलं तर मी बोललेलं ऐकू येत नाही. खंबाटकी घाट चढताना त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला, मी विचारतेय "अण्णा पिशवी देऊ का, अण्णा पिशवी", त्यांना काहीच ऐकू आलं नाही, ते खिडकीकडे तोंड करून बसलेले, मी पिशवी त्यांच्या हातात देईपर्यंत उशीर झाला. सदरा, स्वेटर, सीट सगळं खराब झालं. ७७ वर्षांचा माणूस, आयुष्यभर कडक इस्त्रीचे कपडे घातलेला, भर गाडीत असा बसलाय आणि मला म्हणतोय, "माफ कर पोरी." ते शब्द अजून माझ्या कानात आहेत.

मग मात्र मी उठले. मागे वळून म्हटलं, दादा, जरा स्पीकर बंद करता का, वडिलांना बरं नाहीये. ते भांडले नाहीत हे मला मुद्दाम लिहायचंय. ते म्हणाले, "ताई, गाडीच्या आवाजात कानाला लावून ऐकू येत नाही हो." आणि ते खोटं बोलत नव्हते. पुढच्या वळणावर रेंज गेली, कॉल कट झाला, आणि दोन-तीन मिनिटं गाडीत नुसता इंजिनचा आवाज होता. अण्णांनी डोळे मिटले. त्या गृहस्थांनी परत फोन लावला तो कानाला लावून, खाली वाकून, आणि साताऱ्यापर्यंत त्यांचं बोलणं झालंच की! थांबलं काहीच नाही. उलट पाण्याची बाटलीही त्यांनीच पुढे केली.

मी तेव्हापासून यावर बराच विचार केला. फोनवर बोलणारा प्रत्येक माणूस उद्धट असतो असं मला वाटत नाही. गोंगाटात बोलताना माणसाचा आवाज आपोआप चढतो, १९११ साली एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे दाखवून दिलं होतं, आपण ओरडतोय हे आपलं आपल्याला समजतसुद्धा नाही. आपल्याकडे तर कितीतरी माणसं अशी की जन्म यंत्रांजवळ गेला, नाहीतर शेतात या बांधावरून त्या बांधावर हाका मारण्यात गेला, त्यांचा आवाज मोठाच असतो. माझे अण्णा स्वतः फोनवर मोठ्याने बोलतात. त्याला कोण काय म्हणणार. पण स्पीकर चालू करणं ही तर बोटाने करायची गोष्ट आहे, ती बंदही बोटानेच होते. फोन कानाला लावायचा आणि दुसऱ्या कानात बोट घालायचं, ऐकू येतं. स्टँडवरच्या पीसीओ बूथमधे आपण सगळे असेच बोलायचो, आणि आधी काचेचं दार लावून घ्यायचो. बाहेर चार माणसं लाईनीत उभी असली तरी दार लावायचो. घरातलं बोलणं बाहेरच्याने ऐकू नये हे आपल्याला तेव्हा कुणी शिकवावं लागलं नव्हतं, मग आता कुठे गेलं ते?

आणि नुसती फोनवाल्याची एकच बाजू ऐकू आली तरी त्रास होतोच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली यावर अभ्यास केला होता, त्यात असं दिसलं की दोन माणसांचं पूर्ण बोलणं कानावर पडलं तर जेवढं लक्ष विचलित होतं त्याहून जास्त अर्धवट बोलणं ऐकून होतं, कारण समोरचा पुढे काय म्हणणार याचा अंदाज येत नाही आणि आपलं डोकं आपोआप त्यातच अडकतं. त्यामुळे "तुम्ही ऐकू नका ना" असं जे सर्रास म्हणतात, त्याला काही अर्थ नाही, कानाला झाकण नसतं.

मोबाईलवर रील, गाणी, सिरीयल मोठ्याने लावणाऱ्यांबद्दल वेगळं काय लिहू, ते सगळ्यांनाच माहितीये.

नियम नाहीत असंही नाही. एसटी महामंडळाने २०२३ मधेच गाडीत मोबाईलवर मोठ्या आवाजात गाणी, व्हिडिओ लावायला मनाई केलेली आहे, इयरफोन वापरा असं सांगितलंय. मुंबईत बेस्टनेही त्याच वर्षी तसंच केलं. कर्नाटकच्या एसटीने तर हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२१ सालीच मनाई केली, सांगूनही ऐकलं नाही तर प्रवाशाला खाली उतरवता येतं आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. रेल्वेत रात्री १० नंतर मोठ्याने बोलू नये, स्पीकरवर काही लावू नये असा नियम आहे, त्रास झाला तर १३९ ला कळवता येतं. मुंबईला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस साताऱ्यात मध्यरात्रीच्या सुमारास येते, त्या वेळी गाडीत चढणाऱ्यांनी आणि सोडायला येणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवलं पाहिजे, डब्यात मिरज सांगलीपासूनची माणसं झोपलेली असतात.

पण एसटीत मनाई आहे ती गाण्यांना आणि व्हिडिओला, स्पीकरवरच्या कॉलला लोक त्यात धरतच नाहीत. कॉल म्हणजे काम, गाणं म्हणजे टाइमपास, असं लोकांच्या डोक्यात बसलंय. आणि विनावाहक गाडीत तर सांगणार कोण? कंडक्टर असतो तिथे निदान त्याला सांगता तरी येतं, तोही तिकीट फाडणार, सुट्टे देणार की भांडणं सोडवणार. विनावाहक गाडीत एकटा ड्रायव्हर, त्याने घाटात मान वळवून मागे बघावं असं मी तरी म्हणणार नाही, आम्हा सगळ्यांचा जीव त्याच्या हातात आहे.

म्हणून मला एकच सुचतंय. विनावाहक गाडीची तिकिटं सुटायच्या आधी स्टँडवरच देतात ना, ती देऊन झाली की तेव्हाच, सगळे जागेवर बसलेले असताना, मोठ्याने एकदा सांगायचं, "फोन स्पीकरवर टाकू नका, कानाला लावून हळू बोला, गाडीत आजारी माणसं असतात." दहा सेकंदाचं काम आहे. दंड नको, उतरवणं नको, निदान सुरुवातीला तरी नको. एकदा सगळ्यांसमोर सांगितलेलं असलं की मग शेजारच्यालाही म्हणता येतं, दादा मगाशी सांगितलं होतं ना. आत्ता ज्याला त्रास होतो त्यालाच सांगावं लागतं आणि तोच वाईट ठरतो, म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. मी पण त्या दिवशी कात्रजपासून घाटापर्यंत गप्पच बसले होते. आधी बोलले असते तर अण्णांचं मशीन कानातच राहिलं असतं.

अण्णांची पुढची सायकल येत्या सोमवारी आहे, सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादीने निघू. स्टँडवर जे साहेब तिकीट देतात त्यांना मी स्वतः विनंती करणार आहे, आणि ते म्हणाले की तुम्हीच सांगा, तर गाडीत उभी राहून मीच सांगेन. आणखी कुणी पुण्याला उपचारासाठी जाणारं असेल तर त्यांनीही आपापल्या स्टँडवर विचारून बघावं, यासाठी हे पत्र छापावं ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा
(नाव कृपया छापू नये, अण्णांना आवडणार नाही)