रविवारी मिस्सानंतर मतदानाबद्दल बसायचंय

मंडळी, येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये तासभर बसतोय, पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरांना नक्की आणा.

कॅटेकिझमच्या (कॅथलिक चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ) २२४० व्या परिच्छेदात मतदान नैतिक कर्तव्य म्हटलंय, त्यामुळे "सगळे सारखेच" म्हणून घरी बसणं मला तरी पटत नाही. उमेदवार गर्भपाताबद्दल काय म्हणतो ते बघाच, पण गरीब, स्थलांतरित हेही त्याच शिकवणीत येतं आणि २०१८ मध्ये पोप फ्रान्सिसनी मृत्युदंड अस्वीकार्य असल्याचं कॅटेकिझममध्ये घातलं. एकाच उमेदवारात हे सगळं सापडत नाही, खरी अडचण तिथेच होते, म्हणून सदसद्विवेकबुद्धी आधी घडवावी लागते, बूथवर बटणासमोर उभं राहून नाही.

- जाहीरनामे वाचून या, शंका चिठ्ठीवर लिहून आणा
- फादरना "कुणाला मत देऊ" विचारू नका, ते सांगणार नाहीत
- पक्षाचे बिल्ले, पत्रकं हॉलमध्ये आणू नका