गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका

महोदय,

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी अतिउत्साहात, तर कधी खोल नैराश्यात जातं. लिथियम या औषधाच्या गोळ्यांवर दोन वर्षं तो उत्तम होता. ‘आता बरा झालास, कशाला त्या गोळ्या?’ असं घरातच कुणीतरी म्हणालं आणि त्याने त्या एकदम थांबवल्या. तीन आठवड्यांत त्याची झोप उडाली. एकदा पहाटे तीनला तो स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासत बसला होता, तोंडाने अखंड बडबड. आम्हाला वाटलं, उत्साह आलाय! शेवटी दवाखान्यात दाखल करावं लागलं.

लिथियम अचानक तोडलं की आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचाही धोका वाढतो. हात थरथरतात, वजन वाढतं, हे त्रास खरेच आहेत. पण त्यासाठी डॉक्टर रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉइड, मूत्रपिंड तपासून मात्रा बदलतात. औषध थांबवायचं ठरलंच, तर हळूहळू कमी करतात. मनोविकारतज्ज्ञ गावात नसेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

भाऊ आता रोज जेवणानंतर गोळी घेतो. डबी आईने देवघराशेजारी ठेवली आहे.

– एक वाचक, सातारा